बाबांचं सीपॅप मशीन आणि सोळा तासांचं विमान

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, मुंबई ते अमेरिकेतलं नेवार्क साधारण सोळा तास लागतात. झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं तुमचं सीपॅप मशीन विमानातही लागणारच. "एक रात्र मशीनशिवाय काढू" असं मनातही आणू नका. बसल्या बसल्या डोळा लागला तरी श्वास अडकतोच, आणि विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्यासारखी, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ असते. ऑक्सिजन मुळातच कमी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बॅटरी. सीटखालच्या प्लगवर विसंबू नका. तो कधी बंद असतो, कधी सैल असतो, आणि जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडतो. वीज खाते ती मुख्यतः हवा दमट करायला पाणी तापवणारी प्लेट आणि गरम होणारी नळी. ती दोन्ही बंद ठेवली तर 10 च्या प्रेशरला मशीन दहा वॅटच्या आसपास घेतं. म्हणजे 97 वॅट-तासांची नवी बॅटरी साधारण नऊ तास पुरते. घेताना तुमच्या मॉडेलची डीसी केबल, म्हणजे बॅटरी थेट मशीनला जोडणारी, मागा. इन्व्हर्टर लावून चालवलं तर बरीच वीज वायाच जाते.

बॅटरीवर छापलेला आकडा 100 वॅट-तासांच्या आत असू द्या. 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची चालतच नाही. सुटी बॅटरी केबिनमध्येच, टोकांवर चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या सामानात टाकायची नाही.

तिकीट काढलं की लगेच कंपनीला कळवा, उड्डाणाला 48 तास उरेपर्यंत थांबू नका. मशीन विमानात बॅटरीवर चालवायचं आहे, हे शब्द घालून मंजुरी लेखी घ्या. काही कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळेची बॅटरी मागतात, म्हणजे इथे चोवीस तास. मशीन सगळा वेळ लागत नाही हे त्यांना कळावं म्हणून डॉक्टरांच्या पत्रात "फक्त झोपेत वापर" हे स्पष्ट लिहून घ्या. मशीनच्या तळाच्या लेबलवर 'आरटीसीए/डीओ-160' (विमानात वापरायच्या उपकरणांची चाचणी) असं लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आई, एक काम तुझ्याकडे. निघायच्या आदल्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी करून, पुसून, वाळवून ठेव. मशीन तिरकं झालं की टाकीतलं पाणी मोटरमध्ये जातं आणि मशीन कायमचं बिघडू शकतं. त्याआधी दोन-तीन रात्री बाबांना घरीच पाण्याविना, बॅटरीवर झोपव. बॅटरी खरंच किती तास टिकते ते तेव्हाच कळेल. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा झोपण्याआधी सलाइनचे दोन-दोन थेंब नाकात.

सुरक्षा तपासणीत मशीन बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं. ट्रेमध्ये लोकांचे बूटही ठेवलेले असतात, म्हणून मशीन आधीच पारदर्शक पिशवीत घाला. मास्क आणि नळी बॅगेतच राहू देत.

जागा खिडकीची घ्या, पण सर्वांत पुढची रांग नको, तिथे समोरच्या सीटखाली मशीन ठेवता येत नाही. इमर्जन्सी दाराची रांग तर नकोच. मशीन जमिनीवर ठेवताना हवा ओढणारी बाजू ब्लँकेटने झाकली जाणार नाही एवढं बघा, आणि एक जादा फिल्टर जवळ ठेवा. उड्डाणाआधी सेटिंगमध्ये एअरप्लेन मोड चालू करा. टेक-ऑफ आणि लँडिंगला मशीन बंद.

मास्क गळतो तो बहुधा मानेच्या उशीमुळे. उशी मागचा पट्टा वर ढकलते आणि नाकाच्या बाजूने हवा सुटायला लागते. बाबा, तसं झालं तर पट्टा आवळू नका. उशी काढा, सीट मागे करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत बसवा. नळी क्लिपने ब्लँकेटला अडकवली की कूस बदलताना ओढ बसत नाही. विमानात वाइन नको आणि झोपेची गोळीही नको, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

इथे व्होल्टेज 120 आहे, पण अडॅप्टरवर 100–240 छापलेलं आहे. फक्त पिन बदलायची, ती मी घेऊन ठेवली आहे. डिस्टिल्ड वॉटरचा कॅनही आणून ठेवते, पहिल्याच रात्री टाकी भरू.

तुमची,
ताई