झाड विकताना एवढं पण सांगा, घरात मांजर-कुत्रं असेल तर चालेल का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरच्या पुरवणीत घरातल्या झाडांवर अधूनमधून लेख येतात, मी आवडीने वाचते. ऊन किती, पाणी किती, खत कधी, सगळं असतं. पण आता इंदूरात दर दुसऱ्या मल्टीत (फ्लॅटच्या इमारतीत) कोणाकडे तरी मांजर नाहीतर कुत्रं आहे, आणि ते झाड त्यांनी चावलं तर काय होईल ही एक ओळ मात्र कुठेच नसते. नर्सरीत विचारलं तर "कुछ नहीं होता आंटी, ले जाओ", आणि तोच मुलगा तीच डायफेनबेकिया सगळ्यांना देतो कारण ती मरत नाही.

त्यात ती "हवा शुद्ध करणारी झाडं"वाली लिस्ट, नासाच्या अभ्यासाच्या नावाने फिरते ती. तो अभ्यास 1989 चा, तो पण बंद पेटीत केलेला, आपल्या खिडक्या-पंख्यांच्या घरात नाही. 2019 मधे अमेरिकेतल्याच संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला तर निघालं की उघड्या खिडकीएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला 10 ते 1000 कुंड्या लागतील, म्हणजे मग आपण बसायचं कुठे! आणि त्या लिस्टमधली मनी प्लांट, पीस लिली, स्नेक प्लांट, ही नेमकी मांजर-कुत्र्यांना न चालणारी.

आता न चालणारी म्हणजे सगळी सारखी नाहीत, हे पण नीट सांगायला पाहिजे, नाहीतर लोक घाबरून सगळ्या कुंड्या फेकून देतील. मनी प्लांट, सिंगोनियम, डायफेनबेकिया, पीस लिली, ही सगळी अळूच्या खानदानातली. अळूला चिंच कमी पडली की घसा कसा खवखवतो, ते ज्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांमुळे होतं तेच कॅल्शियम ऑक्झलेट यांच्या पानांत असतं. आपण अळू शिजवतो, चिंच घालतो, मांजर कच्चं चावतं. मग लाळ गळते, पंजाने तोंड पुसत बसतं, उलटी होते, दोन घास खात नाही. त्रास होतो पण बहुतेक वेळा जीवावर बेतत नाही. कोरफड आणि स्नेक प्लांटने पण उलट्या-जुलाब होतात, आणि तो लकी बांबू, जो प्रत्येक गिफ्टच्या दुकानात मिळतो, तो बांबू नाहीच, ड्रेसीना आहे, तो पण नको.

खरी भीती दुसऱ्यांची. बुकेमधे येणारी मोठी सुवासिक लिली मांजरासाठी सगळ्यात वाईट, पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही थोडंसं पोटात गेलं तरी दोन-तीन दिवसांत किडनी जाऊ शकते. अंगावर सांडलेला पराग मांजर चाटून साफ करतं, तेवढं पण पुरतं. पीस लिली वेगळी, तिचं फक्त नाव लिली. घरात मांजर असेल तर हा बुके दारातूनच शेजाऱ्यांना देऊन टाकावा, शेजाऱ्यांकडे मांजर नसेल तर. दुसरं सायकस, ज्याला नर्सरीवाले सागो पाम म्हणतात, बंगल्यांच्या गेटशी दोन्हीकडे हमखास असतं. ते पाम नाहीच, आणि त्याच्या बिया कुत्र्याने खाल्ल्या तर लिव्हर खलास. कण्हेर आणि बिट्टी हृदयावर जातात, महादेवाला वाहिलेली फुलं निर्माल्यात पडलेली असतात तिथे कुत्र्याचं तोंड जाऊ देऊ नका. अडेनियम आणि पानफुटी पण त्याच वाटेची.

मग लावायचं काय, तर पुष्कळ आहे. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, पेपेरोमिया, कॅलेथिया, हावर्थिया (दिसते छोट्या कोरफडीसारखी पण निरुपद्रवी), बाल्कनीत मोगरा, गुलाब, तुळस. मोगरा चालतो म्हणून रातराणी पण चालेल असं समजू नका, ती विषारी आहे. इंदूरपुरतं सांगायचं तर कॅलेथिया मे महिन्यात कुरकुरीत होते, ती मी नव्या माणसाला सांगणार नाही, अरेका आणि स्पायडर बिचारे टिकतात, फक्त बोरिंगच्या जड पाण्याने स्पायडरची टोकं तपकिरी होतात, नळाला नर्मदेचं पाणी आलं की एक बादली झाडांसाठी बाजूला ठेवायची.

उंचावर टांगलं की झालं असं कुत्रेवाले म्हणू शकतात, मांजरवाल्यांनी म्हणू नये. मांजराला काहीतरी हिरवं चावायचंच असतं, तर त्याला त्याचंच द्या, नवरात्रात घटाला पेरतो तसे एका पसरट भांड्यात गहू पेरायचे, आठवड्यात कोंब येतात, आणि बाकी झाडांकडे त्याचं लक्ष जरा तरी कमी जातं. चालणारं झाड म्हणजे भाजी नव्हे हे पण आहे, स्पायडर प्लांट भरपूर खाल्लं तर मांजर ओकतंच.

आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती म्हणजे खत. हाडांचा चुरा कुत्र्याला वासानेच ओढतो, कुंडी उकरून खातो. एरंडीची खली, म्हणजे पेंड, तर त्याहून वाईट, नीट प्रक्रिया झालेली नसेल तर त्यात रायसिन नावाचं विष राहतं आणि ते जीवघेणं आहे. झाड सुरक्षित आणि खत विषारी, असा प्रकार होऊ शकतो. घरात कुत्रं असेल तर साधं गांडूळखत घाला.

काही खाल्लंच तर तोंडातलं पान काढा, झाडाचा फोटो घ्या नाहीतर एक पान पिशवीत घाला आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. उलटी करवायला मीठ-पाणी पाजायची पद्धत आहे ती एकदम बंद, जास्त मिठानेच जनावर दगावू शकतं. लिली खाल्ली असेल तर "बघू उद्या" नको, मांजर पहिल्या दिवशी बरं दिसतं तरीही.

तर विनंती एवढीच की पुरवणीत प्रत्येक झाडाखाली "मांजर-कुत्र्याला चालेल / चालणार नाही" एवढं छापत जा. इंदूरजवळ महूला जनावरांच्या डॉक्टरांचं सरकारी कॉलेज आहे, तिथल्या कोणाकडून यादी तपासून घेता येईल, माझ्यासारख्या वाचकाच्या भरवशावर राहू नका. आणि जमलं तर दिवाळीआधी छापा, तेव्हा गिफ्टमधे झाडं द्यायची फॅशन आहे आणि शेवंतीच्या कुंड्या तर घरोघरी येतात, ती पण या दोघांना चालत नाही.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर