सगळ्यालाच 'हार मानणे' म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही इंग्लिश शिकवायचं सदर सुरू केलंय ते आमच्या चाळीत बरेच जण कापून ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. मागच्या वेळी गिव्ह अप, गिव्ह इन, सरेंडर, यील्ड, क्विट, वेव्ह, रिलिंक्विश अशी यादी दिली होतीत आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच, हार मानणे किंवा शरण जाणे. असं करू नका हो. आपल्याकडे हात टेकणं आणि नमतं घेणं एकच आहे का? एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं वेगळं, ऐन वेळी कच खाणं वेगळं. इंग्लिशवाल्यांनीही असेच वेगवेगळे शब्द ठेवलेत, आणि मुंबईत राहणाऱ्याला त्यातला फरक परीक्षेपेक्षा सही करताना जास्त लागतो.

आधी सोपं घेऊ. गिव्ह अप म्हणजे माणूस आपण होऊन सोडतो, प्रयत्न सोडतो नाहीतर सवय सोडतो. तंबाखू सोडली तरी गिव्ह अप, लोकलमध्ये म्हाताऱ्या माणसाला सीट दिली तरी गिव्ह अप, यात हार कुठे आली? २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडा म्हणून सरकारने मोहीम काढली तिचं नावच गिव्ह इट अप होतं, ज्यांनी सोडली ते काय हरले होते का? आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात निवेदक गिव्ह इट अप फॉर अमुक तमुक म्हणतो तेव्हा तो टाळ्या मागत असतो. गिव्ह इन मध्ये मात्र समोर दुसरा कोणीतरी लागतोच, त्याचा दबाव लागतो, पोरगं दुकानात हट्ट धरून बसतं आणि आई शेवटी घेऊन देते ते गिव्ह इन. आणि रस्त्यावर उलटा लाल त्रिकोण असतो तो गिव्ह वे, अमेरिकेत त्यालाच यील्ड म्हणतात, म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट मुंबईत हा त्रिकोण जरा जास्त लोकांनी वाचला तर बरंच होईल.

थ्रो इन द टॉवेल पण तुम्ही त्याच यादीत टाकलंत. हे बॉक्सिंगमधलं आहे, पूर्वी टॉवेलच्या जागी स्पंज टाकायचे. पण टॉवेल टाकतो कोण? मार खाणारा बॉक्सर नाही, त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस टाकतो, कारण याला अजून मार बसू नये असं त्याला वाटतं. आता कोणीही कंटाळून काही सोडलं तरी हे वापरतात ते ठीक आहे, पण मुलांना ही मूळ गोष्ट सांगितली तर शब्द लक्षात राहील ना.

आता माझा खरा मुद्दा, कागदांचा. आमच्या भागात जुन्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यात राहायच्या, चाळी एकामागून एक रीडेव्हलपमेंटला चालल्यात आणि लोकांसमोर जाडजूड इंग्लिश कागद येतात, त्यात सरेंडर ऑफ टेनन्सी असतं, वेव्ह ऑल क्लेम्स असतं, रिलीज असतं. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना विचारलं की सरेंडर म्हणजे काय कळलं का, तर म्हणाल्या शरण जाणे, म्हणजे खोली खाली करायची ना, बस. अहो पण इथे सरेंडर म्हणजे तुमचा भाडेकरू म्हणून जो हक्क आहे तोच मालकाला परत देऊन टाकणं! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १११ मध्ये भाडेपट्टा कसा संपतो ते दिलंय, त्यात सरेंडर हा एक प्रकार आहे, आणि तो स्पष्ट लिहून देऊनही होतो आणि तुमच्या वागण्यातूनही झाला असं धरता येतं, उदाहरणार्थ चालू भाडेपट्टा असतानाच त्याच जागेचा नवीन घेतला तर जुना आपोआप सरेंडर. म्हणून नवीन घराचा करार रजिस्टर व्हायच्या आधीच कोणी सरेंडरच्या कागदावर सही मागत असेल तर आधी वकिलाला दाखवा, जुनं हातातून जायच्या आधी नवीन काय मिळणार ते कागदावर पक्कं पाहिजे.

वेव्ह म्हणजे ज्याचा हक्क आहे त्याने तो हक्क किंवा येणं सोडून देणं. बँक लेट फी वेव्ह करते तेव्हा ती हरते का? लोन वेव्हर म्हणजे कर्जमाफी हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण करारात मी सगळे क्लेम वेव्ह करतो असं असलं तर तिथे बँकेच्या जागी आपण असतो, सोडणारे आपण. आणि रिलिंक्विश म्हणजे आपलं हक्कसोड. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, तरी किती बहिणी भावाने पुढे केलेल्या रिलीज डीडवर, म्हणजे हक्कसोडपत्रावर, न वाचता सही करतात, कारण घरात कटकट नको. ज्यांना मनापासून सोडायचंय त्यांनी खुशाल सोडावं, पण आपण काय सोडतोय ते कळून सोडावं. एलआयसीच्या पॉलिसीचं पण तसंच, हप्ते झेपेनासे झाले की लोक लगेच सरेंडर करतात आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा कमी पैसे हातात येतात, पेड अप करून कमी रकमेचा विमा चालू ठेवता येतो का हे विचारतच नाहीत.

अजून एक सांगायचंय, ते मनाला फार लागलं. शेजारच्या मुलीने शाळेसाठी गिरणी संपावर इंग्लिश निबंध लिहिला, त्यात वाक्य होतं की गिरणी कामगार गेव्ह अप. तिचा दोष नाही, तिला शब्दच तेवढा माहीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कॉल ऑफ नाही, सरेंडर नाही. लोकांनी दागिने विकले, भांडी विकली, कोणी गावाला गेलं, कोणी मिळेल ते काम धरलं, संप हळूहळू विरत गेला, इंग्लिशमध्ये त्याला पीटर्ड आउट म्हणतात. माझे वडील त्यातलेच. त्यांना कोणी सरसकट हार मानली म्हटलेलं मला चालणार नाही.

क्विट पण बघा, नोकरी सोडली की क्विट, पण १९४२ च्या ८ ऑगस्टला आपल्याच गवालिया टँकवर क्विट इंडियाचा ठराव झाला तेव्हा सोडून जायला इंग्रजांना सांगितलं होतं, मराठीत आपण त्याला चले जाव म्हणतो, तिथे सोडणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा. भाडेकरूला घर खाली करायची नोटीस येते ती पण नोटीस टू क्विट.

तर विनंती अशी की पुढच्या सदरात हे शब्द पुन्हा एकदा घ्या आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा, कोण सोडतंय, कोणाला देतंय, आणि ते परत मिळतं का. शक्य झालं तर घराच्या, विम्याच्या आणि वारसाच्या कागदांत येणारे शब्द वेगळ्या चौकटीत मोठ्या टाइपात द्या, आमच्या चाळीतल्या नोटीस बोर्डावर मी स्वतः लावीन.

आपली,
एक नियमित वाचक, परळ, मुंबई