दुखणं आधी की उलटी आधी?

आदरणीय डॉक्टर मॅडम,

त्या रात्री धाकट्या भावाला तुमच्याकडे आणलं, तेव्हा मुतखडाच असणार असं आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. बाबांना एकदा तो त्रास झाला होता. तुम्ही त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं बघितलंत आणि मला विचारलंत, "बाबा तेव्हा असेच पडून होते का?"

नव्हते. कळ कमरेतून जांघेत उतरायची आणि ते खोलीभर येरझाऱ्या घालायचे. हा मात्र पाय पोटाशी घेऊन निपचित पडला होता; वाटेत प्रत्येक गतिरोधकावर कळवळला होता. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली की माणूस हलायलाही भितो, हे तुमच्याकडून कळलं.

मग तुम्ही विचारलंत, दुखणं आधी की उलटी आधी? दुपारी जिथे दाखवलं तिथे हे कुणी विचारलं नव्हतं, पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. दुखणं आधी होतं, सकाळपासून, बेंबीभोवती. उलटी नंतर झाली आणि रात्री दुखणं उजवीकडे खाली सरकलं. खाण्यातून बाधलं असेल तर बहुतेकदा उलटी आधी होते, एवढं साधं आम्हाला ठाऊक नव्हतं.

हात चोळून गरम करून तुम्ही डाव्या बाजूने पोट दाबायला सुरुवात केलीत. नजर सारखी त्याच्या चेहऱ्यावर. पडदा ओढून अंडकोषही तपासलेत. 17 वर्षांचा मुलगा लाजून सांगत नाही. तिथे पीळ पडला तरी पोटात दुखू शकतं आणि हातात जेमतेम 6 तास असतात. आमच्या हे कधीच लक्षात आलं नसतं.

वेदनाशामक दिलं तर आजार झाकला जाईल म्हणून आई नको म्हणत होती. तसं होत नाही हे समजावून तुम्ही सर्जन यायच्या आधीच इंजेक्शन दिलंत. सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स दिसलं आणि पहाटे, ते फुटायच्या आत, शस्त्रक्रिया झाली.

"मला सकाळीच कळायला हवं होतं," असं आई म्हणत राहिली, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी बसलात. "नुसतं बेंबीभोवती दुखत असतं तेव्हा आम्हालाही सांगता येत नाही," म्हणालात. त्यानंतर ती थोडा वेळ झोपली. त्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

तुमच्या रुग्णाची मोठी बहीण