आमच्या बागेत ओळी-ओळीने फिरलेल्या कृषी सहायक मॅडमना

आदरणीय मॅडम,

२६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाड तालुक्यात गारा पडल्या, तेव्हा घटस्थापनेच्या सुमारास छाटलेली आमची दोन एकरांची द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात होती. पंचनाम्यासाठी आपण तलाठी आणि ग्रामसेवकांसह आलात त्या दिवशी मला एकच धास्ती होती, ती म्हणजे बांधावरून पाहणाऱ्याला बाग हिरवीच दिसेल. कांद्याचे रोप आडवे झाले की नुकसान कोणालाही दिसते. फुलोऱ्यातली द्राक्षवेल मात्र उभीच राहते आणि घड आतल्या आत कुजून गळत असतात.

आपण बांधावर थांबला नाहीत. चिखलातून ओळी-ओळीने फिरत, पाने बाजूला करून घड हातात घेऊन आपण पाहिलेत, गळालेल्या कळ्या मोजल्यात, काड्यांवरचे गारांचे वळ तलाठीभाऊंना दाखवलेत आणि जखमी काडीचा फटका पुढच्या हंगामालाही बसतो हे त्यांना समजावून सांगितलेत. नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली लिहिले गेले असते, तर आम्हाला एक रुपयाही मिळाला नसता. आपण जे होते तेच लिहिलेत, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही. शेजारच्या एका बागेत नुकसान खरोखरच थोडे होते, तिथेही आपण तसेच लिहिलेत, म्हणून आपल्या आकड्यावर गावात कोणी शंका घेतली नाही.

केंद्राच्या निकषात बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी २२,५०० रुपये आणि २ हेक्टरची मर्यादा होती; राज्य शासनाने १ जानेवारी २०२४ च्या निर्णयाने ती मदत ३६,००० रुपये आणि ३ हेक्टरपर्यंत वाढवली. त्या दराने आमच्या ०.८० हेक्टरला २८,८०० रुपये मंजूर झाले.

मदतीच्या यादीत नावापुढे लाभार्थ्याचा विशिष्ट क्रमांक आला तरी पैसे अडले, कारण सातबारा आईच्या नावावर आहे आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करताना तिचा अंगठा काही केल्या जुळेना. चाळीस वर्षे खुरपे धरलेल्या हातांवर रेषा उरल्या नाहीत, त्याला ती तरी काय करणार! सेवा केंद्रातून तीन वेळा परत आल्यावर तिने आशा सोडली होती. आपले काम पंचनाम्याबरोबरच संपले होते, तरीही आपण फोनवर सगळे ऐकून घेतलेत, आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्यायला सांगितलेत आणि खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही तपासून घ्यायला लावलेत. पुढच्या खेपेला अंगठा लागला आणि काही दिवसांनी रक्कम आईच्या खात्यात जमा झाली.

बागेच्या वर्षभराच्या खर्चापुढे ही रक्कम तोकडी आहे, हे आपणही जाणता. पण ती खरड छाटणीच्या आधी हाती आली, त्यामुळे छाटणीच्या टोळीची मजुरी रोख देता आली आणि औषध दुकानाची थोडी उधारीही फिटली. गारांचे वळ पडलेल्या त्या काड्या एप्रिलमध्ये आम्ही काढून टाकल्या. त्यांच्या जागी आलेली नवी काडी पाहायला आपण एकदा बागेत यावे, असा आईचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष उत्पादक
जिल्हा नाशिक