काकांच्या शेतासंबंधी

बॉन, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. फोनवर हे सांगायला घेतले असते, तर दुसऱ्या वाक्यालाच तू भांडायला उठला असतास, म्हणून सविस्तर लिहितो आहे. आबांना यातले अजून काही ठाऊक नाही.

ऑगस्टमध्ये मुलगी पहिलीत गेली. इकडे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हाती खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला, जवळजवळ त्यांच्याच उंचीचा कागदी शंकू देतात. तिला तो पेलवेना, तेव्हा एक टोक हिने धरले आणि एक मी. मायने व्हिडिओवर ते पाहिले आणि तिथूनच दृष्ट काढली. त्याआधी मुलीने पोहण्याचा पहिला बिल्लाही मिळवला. त्यासाठी पंचवीस मीटर पोहावे लागते आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाशी पडलेली वस्तू वर काढावी लागते. मला तू तापीत ढकलून पोहायला शिकवलेस, हे ऐकल्यापासून तिला तुझे नाव आपल्या शिक्षिकेकडे द्यायचे आहे.

याच उन्हाळ्यात ही नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तेहतीस प्रश्नांपैकी सतरा बरोबर आले की पुरतात. हिचा एकच चुकला. त्या आनंदात आम्ही कोब्लेंझला गेलो. तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, त्या टोकावर सम्राट विल्हेल्मचा प्रचंड अश्वारूढ पुतळा आहे. पण मी मुलीला सांगत बसलो ते चांगदेवच्या संगमाचे, तापी-पूर्णेचे, आणि तिथून बोलणे कसे कोण जाणे काकांच्या विहिरीलगतच्या शेतावर आले. ते आपण दोघांनी मिळून घ्यायचे, मधला बांध काढून टाकायचा, हेही मी तिला सांगितले. परतीच्या गाडीत ही शांतपणे म्हणाली, "दिवाळीच्या आत अर्जावर सही करून टाका."

बापू, अडचण अशी आहे. २७ जून २०२४ पासून जर्मनीने नवा कायदा लागू केला. आता पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची अटही उरलेली नाही. परंतु आपला १९५५ चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की भारताचे आपोआप संपते. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचे ओळखपत्र, मिळते, त्यावर येणे-जाणे, राहणे, नोकरी, शहरात घर घेणे, सारे जमते; मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आबांची जमीन वारशाने मिळू शकेल, पण काकांचे शेत विकत घेता येणार नाही. ते आजही येत नाही, कारण मी परदेशात राहतो. मात्र भारतीय पारपत्र घेऊन परत आलो, तर सातबाऱ्यावर तुझ्या नावाशेजारी माझे नाव लागू शकते. सही केली की ती वाट बंद होते.

हिचे म्हणणे चूक नाही. ईस्टरच्या सुट्टीत लंडनला जायचे ठरले होते. मुलीच्या मैत्रिणी गेल्याही, आणि आम्ही व्हिसाच्या तारखेची वाट पाहत घरी राहिलो. जिथे ती वाढते आहे, तिथे तिला प्रत्येक दारात थांबावे लागू नये, असे मलाही मनापासून वाटते. हिने आणि मुलीने जर्मन व्हावे, मी भारतीय राहावे, असाही मार्ग आहे. पण विमानतळावर त्या दोघी एका रांगेत आणि मी दुसऱ्या रांगेत, हे मला सहन होईल असे वाटत नाही. भुसावळ स्टेशनवर मला पोहोचवायला तू आला नाहीस आणि पुढे "गेलेला माणूस बागेत परत येत नाही" असे म्हणालास, त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. तुझे ते वाक्य मला आजही मान्य नाही. म्हणूनच हा अर्ज टेबलावर तसाच पडून आहे.

तुझी कांदेबागेची, पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लागवडीची, तयारी कुठवर आली? यंदा रोपे टिश्यूकल्चरची घेणार आहेस की कंदच लावणार? वहिनींच्या गुडघ्यांचे काय झाले? धाकट्याला अभियांत्रिकीला जळगावातच प्रवेश मिळाला, हे मायकडून कळले. फार आनंद झाला. बामणोदची वांगी बाजारात आली की भरताचे आमंत्रण न देता नुसते फोटो पाठवू नकोस.

आता काम सांगतो. काकांकडे जा आणि ते शेत त्यांना खरोखर विकायचे आहे का, एवढेच विचार. किमतीचे बोलू नकोस. विकायचे असेल, तर माझी वाट न पाहता तू एकट्याने घेशील का, हे मला स्पष्ट लिही. आबांशी मी स्वतः दसऱ्याला बोलेन, त्याआधी तुझे उत्तर हाती हवे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भैया