हिमटोपीतली नोंद बर्फाआधी जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ध्रुवीय बर्फाच्या बातम्यांत समुद्र किती वाढणार एवढेच छापून येते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापूरकराला मग वाटते, आपल्याला काय त्याचे? त्या बर्फात जुन्या हवेची नोंद आहे आणि बर्फ संपण्याच्या कितीतरी आधी ती पुसली जाते, हे मात्र बातमीत कुठेच नसते.

हिम साठत साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर गेले की त्याचा घट्ट बर्फ होतो आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. म्हणून हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. अंटार्क्टिकाच्या कोरड्या मध्यभागी हा फरक काही हजार वर्षांचा भरतो. तो हिशेबात न धरता तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचे आलेख जुळवले, तर आधी काय वाढले याचे उत्तर चुकते.

पोकळ ड्रिलने बर्फाचे सुमारे दहा सेंटिमीटर जाडीचे दंडगोल, म्हणजे गाभे, काढतात. खोलवर दाबाने भोक मिटू लागते, म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. काही शे मीटर खालचा बर्फ वर येताच आतल्या हवेच्या दाबाने तडकतो. कापण्याआधी तो महिनोन्‌महिने थंडीतच ठेवतात. कार्बन डायऑक्साइड मोजताना तुकडा निर्वात भांड्यात कोरडाच चुरतात. पाणी होऊ दिले तर धुळीतल्या कार्बोनेटपासून नवा वायू तयार होतो आणि आकडा फुगतो. ग्रीनलँडच्या बर्फात ही भेसळ जास्त, त्यामुळे या वायूसाठी सारी भिस्त अंटार्क्टिकावर. तिथल्या डोम सी येथे ३,२७० मीटरपर्यंत खोदून आठ लाख वर्षांची हवा मिळाली: हिमयुगांत कार्बन डायऑक्साइड १८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १८० भाग) आसपास, उबदार काळात २८० आणि औद्योगिक युगाआधीची कमाल पातळी ३०० च्या जवळपास. आज आपण ४२० च्या पुढे आहोत.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या आणि कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांवरच्या लहान हिमटोप्यांची, म्हणजे जमिनीवर टोपीसारख्या पसरलेल्या बर्फाच्या थरांची, स्थिती बिकट आहे. उन्हाळ्यात पृष्ठभागावर झालेले पाणी खाली झिरपते, सल्फेटसारखे क्षार धुऊन नेते आणि बुडबुडे नसलेला काचेसारखा बर्फ होऊन गोठते. असे पट्टे अधूनमधून असतील तर त्यांवरून उन्हाळा किती कडक होता ते कळते. दरवर्षीच भरपूर पाणी मुरू लागले, की ज्वालामुखीच्या खुणा आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (कमी-जास्त वजनाच्या अणूंचे) वार्षिक चढउतार एकमेकांत मिसळतात. नकाशावर हिमटोपी दिसत राहते, पण आत वाचण्यासारखे फारसे उरत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर इथे जो तो हवामानबदलावर बोलतो. पंचगंगा कधी पात्राबाहेर पडेल हे बर्फ सांगणार नाही. पण हवेत आपण काय आणि किती घातले, याचा थेट पुरावा त्याच्याकडे आहे.

बाहेर काढलेला गाभाही सुरक्षित नसतो. २०१७ साली कॅनडातील एका साठवणगृहात शीतयंत्रणा बिघडून संग्रहाचा काही भाग वितळला. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची बर्फ-प्रयोगशाळा आहे. कोल्हापूरहून ती काही तासांवर. आपला वार्ताहर तिथे पाठवावा आणि वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था काय, एकाच गाभ्याचे तुकडे दोन ठिकाणी ठेवतात का, हे विचारून सविस्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर