एका पैशाचा घोळ

मा. संपादक,

कराडमधल्या काही छोट्या दुकानांचे हिशेब मी लिहिते. महिनाअखेरीस सगळ्यात जास्त वेळ खातो तो एका पैशाचा फरक. परवाचंच बिल घ्या: प्रत्येकी ३७.२५ रुपयांच्या तीन वेगळ्या वस्तू, सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) ९ टक्के. ओळीओळीला कर काढून जवळच्या पैशात घेतला तर ३.३५ प्रमाणे १०.०५ रुपये, एकूण १११.७५ वर काढला तर १०.०६. एसजीएसटीची, म्हणजे राज्याच्या वाट्याचीही तीच गत. घाऊक व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर एका रीतीने जातं, आमचं दुसऱ्या, आणि खरेदीची नोंद काही जुळत नाही. दुकानदार म्हणतात, "ताई, पैसा गेला खड्ड्यात!" त्यांना म्हणायला काय जातंय?

केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० देय कर जवळच्या रुपयात घ्यायला सांगतं: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. बिलातल्या ओळीओळीबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. बिलाखाली 'राउंड ऑफ'ची वेगळी ओळ असली तर फरक निदान दिसतो. काही जण तो मालाच्या किमतीतच जिरवतात, मग शोधत बसा. जीएसटी परिषदेने ओळीवर की एकुणावर, एकच रीत ठरवून द्यावी. तोवर सॉफ्टवेअरवाल्यांनी आपली रीत बिलावर छापावी.

— एक हिशेबनीस, कराड